एका डोळ्याचा कौल

माझ्याकडे आलेल्या माणसांपैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नसायचं, हे आता दवाखाना बंद केल्यावर सांगायला हरकत नाही. चिपळुणात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत मी एकतीस वर्षं डोळ्यांची डॉक्टर होते. मोतीबिंदू काढले, काचबिंदूवाल्यांना थेंब घालायची आठवण करून करून घसा बसवून घेतला, वेल्डिंगवाल्यांच्या डोळ्यांतले लोखंडाचे कण काढले. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. मोतीबिंदूचा पेशंट पट्टी काढली की "दिसतंय" म्हणतो आणि घरी जातो. खरी करमणूक होते ती ज्यांना पहिल्यापासून स्वच्छ दिसतं, पण आरशात जे दिसतं ते पसंत नसतं, त्यांची.

माझा स्वतःचा जीव पापणीवर. वरची पापणी उचलायला एक बारीक स्नायू असतो. वय झालं की तो ढिला पडतो, वरची कातडी लोंबते आणि माणूस टक्क जागा असला तरी झोपलेला दिसतो. असे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले. पेपर वाचताना एका हाताने पेपर आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी धरायचे. मी त्यांच्या दोन्ही पापण्या व्यवस्थित वर घेतल्या. पंधरा दिवसांनी त्यांची बायको एकटीच आली. "डॉक्टर, एवढी वर्षं संसार सुखाचा चालला होता," ती म्हणाली. "आता हे दिवसभर खुर्चीत बसून छताची जळमटं मला दाखवतात. परत थोड्या खाली करता येतील काय?" मी हसले. ती हसली नाही.

पन्नाशी उलटल्यावर मला हुक्की आली आणि मी मुंबईला तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेले. विषय होता आशियाई डोळ्याच्या पापणीला घडी घालणे. आशियाई म्हणजे आपणही आलो की, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. शिकवायला आलेले परदेशी पाहुणे गोड हसले आणि आपण त्यात येत नाही असं त्यांनी सांगितलं. आपण मग नेमके कुठे येतो ते त्यांनी सांगितलं नाही, आणि जेवणाची वेळ झाल्यामुळे मीही विचारलं नाही.

ही घडी म्हणजे काय ते सांगते. तुम्ही डोळा उघडलात की वरच्या पापणीवर एक आडवी रेघ पडते. पापणी उचलणाऱ्या त्या स्नायूचे काही तंतू आतून कातडीला चिकटलेले असतात, म्हणून ती पडते. नेपाळ, जपान, चीन, आपली ईशान्येकडची राज्यं, इथल्या पुष्कळ लोकांचे तंतू तसे चिकटलेले नसतात, म्हणून रेघ पडत नाही. बस्, एवढाच फरक. त्यांना दिसायला काही कमी दिसत नाही आणि रडायला पाणी काही कमी येत नाही. पण कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलं की घडीचा डोळा मोठा आणि मोठा तो सुंदर, आणि तेव्हापासून आमच्या व्यवसायाला बरकत आली.

घडी घालायच्या दोन रीती आहेत. एकीत कातडी कापतात. दुसरीत न कापता पापणीतून बारीक टाके घालून ते आत पुरतात. टाक्यांची रीत मला फार आवडली, कारण ती हाताच्या नजाकतीची आहे, आणि पहिल्या महिन्याभरात टाके काढले तर घडी बहुतेक सुटून जाते. पेशंटला भूल फक्त पापणीपुरती. तो जागा असतो, मध्येच त्याला टेबलावर उठवून बसवायचं आणि दोन्ही बाजू सारख्या आल्यात का बघायचं. त्याआधी घडी कशी दिसेल ते दाखवायला आम्ही एक साधी वाकवलेली तार वापरतो. मी कागदाची पिन सरळ करून घेतली होती. तिचं बोथट टोक पापणीवर हलकेच दाबलं की क्षणभर घडी पडते, आणि समोरच्या आरशात माणसाला आपला न झालेला चेहरा दिसतो. भल्याभल्यांचा विवेक त्या पिनेच्या टोकावर गळून पडतो.

परत आल्यावर मी प्रमाणपत्र काचेत लावलं आणि पाटीवर एक ओळ वाढवली: 'पापण्यांची सौंदर्यशस्त्रक्रिया'. चार महिन्यांत त्या ओळीखाली फक्त एक विमा एजंट आला. चिपळुणात ज्यांना घडी आहे त्यांना तिची कदर नव्हती आणि ज्यांना नाही त्यांना माझा पत्ता नव्हता. मग सीमा आली.

सीमा थापा चिपळुणाजवळच्या अलोऱ्याची. तिचे वडील धनीराम तरुणपणी नेपाळातून आले आणि कोयनेच्या कॉलनीत वॉचमन म्हणून लागले. कॉलनीने त्यांना तीस वर्षं 'बहादूर' म्हणून हाक मारली, त्यांचं नाव काय हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. सीमा तिथेच जन्मली, तिथल्याच मराठी शाळेत शिकली आणि आता तिथल्याच एका बालवाडीत शिकवत होती. तिचं मराठी ऐकलं तर अलोऱ्याच्या पलीकडे जग आहे अशी शंका येणार नाही. तरी शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला तिला जपानी बाहुली केलं जायचं. सलग सात वर्षं. आठव्या वर्षी तिने ताप आल्याचं सांगितलं.

तिचं संदेश नावाच्या मुलाशी जमलं होतं. सावर्ड्याला कॉलेजात ओळख झाली, आता तो मुंबईत विमानतळावर सामानाच्या खात्यात होता. चार वर्षं झाली होती. त्याची आई शेवंताबाई सावर्ड्याजवळच्या एका वाडीत राहायची, घरची भातशेती बघायची. ती बरेच दिवस अडून बसली आणि शेवटी एका अटीवर तयार झाली. ती अट घेऊनच ती सीमाला माझ्यासमोर बसवायला आली होती.

"पोर गुनाची हाय," ती मला म्हणाली. "सैपाक येतो, शिकलेली हाय, उलटून बोलत नाय. ह्ये डोळं तेवडं करून द्या. भावकीत उद्या कोन काय इचारील, त्याला जबाब नको द्यायला."

"भावकी काय विचारेल?"

"कुठची आनलंव म्हनून."

"अलोऱ्याची म्हणून सांगा."

शेवंताबाईने माझ्याकडे असं बघितलं की डॉक्टरीण शिकलेली आहे पण शहाणी नाही. मी सीमाकडे वळले. "तुला स्वतःला हवंय का हे?"

"मला लग्न हवंय, मॅडम," ती म्हणाली.

हे उत्तर ऐकून मी त्या दोघींना घरी पाठवायला हवं होतं. मी पिन काढली. पापणीवर टेकवली. सीमाने आरशात बघितलं आणि तिचा श्वास अडकला, आणि खरं सांगायचं तर माझाही. घडी इतकी सुरेख पडत होती. चार महिने माझी पाटी नुसती पाऊस खात होती. मी तारीख दिली.

तारखेच्या आधी शेवंताबाई एकटीच आली, पिशवीत फणसपोळी घेऊन. चेहरा पडलेला. "बाय, जरा घोळ झालाय," ती म्हणाली. कोकणातल्या वाचकांना हा घोळ सांगावा लागणार नाही, इतरांसाठी सांगते. घरात काही कार्य करायचं तर आधी ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव मूर्तीवर दोन्ही बाजूंना फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि होकाराच्या बाजूची कळी पडली तर हो, नकाराची पडली तर नाही. गुरवाचा नियम असा की एका गाऱ्हाण्यात एकच गोष्ट विचारायची. तेव्हा शेवंताबाईने दोन डोळ्यांचे दोन कौल घेतले होते.

"उजव्याचा दिलान," ती म्हणाली. "डाव्याचा नाय दिलान."

"म्हणजे एकच डोळा करायचा?"

"देवीनं सांगितलंन तसं. डाव्याचं पुडच्या सोमवारी परत इचारतंय. देवी काय कायमचं नाय म्हनत नाय."

इथे माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या बाईने काय करावं? आजवर घरोघर जेवणाच्या पंगतीत मी कौलाची यथेच्छ टिंगल केलेली. मी म्हणायला हवं होतं की दोन्ही नाहीतर एकही नाही. त्याऐवजी मी मनात हिशेब केला की टाके काढता येतात, आठ दिवसांत देवी वळेल, आणि तारीख पुढे गेली तर ही बाई बेत बदलेल. माझा पहिला पेशंट हातचा जाईल. मी शनिवारी सीमाचा उजवा डोळा केला. एवढी लाज मला एकतीस वर्षांतल्या दुसऱ्या कशाची वाटत नाही.

काम उत्तम झालं. सूज उतरल्यावर उजव्या पापणीवर एक नाजूक रेघ उमटली, आणि डावा डोळा होता तसा. सोमवारी कौल लावला, नकार. पुढच्या सोमवारी, नकार. सीमा बालवाडीत ओढणी कपाळावर ओढून जायची. तिथली एक चार वर्षांची मुलगी रोज तिच्या मांडीवर बसून आधी एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे बघायची आणि शेवटी डाव्या बाजूला डोकं टेकायची. हे सीमा मला तपासणीला आल्यावर सांगत होती, हसत हसत. संदेशचं काय म्हणणं असं मी विचारलं. "तो म्हणतो आई म्हणते तसं कर," ती म्हणाली, आणि हसणं तिथे संपलं.

त्या दिवशी धनीराम तिच्याबरोबर आले होते. आत आले नाहीत, दारातच टोपी हातात घेऊन उभे राहिले. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, माझ्या डोळ्यात पण बिघाड आहे काय? तीस वर्षं रात्रीची ड्युटी केली. कधी काही चुकलं नाही."

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, म्हणजे ते बोलण्यासारखं नव्हतंच. पण तेव्हापासून मला हा विषय लवकर संपवायची घाई झाली, आणि पुढच्या सोमवारी मी स्वतः गाडी काढून देवीला निघाले. मी. नवरा ओसरीवर उभा राहून बघत होता, आणि त्याने काही विचारलं नाही म्हणून मला त्याचा जास्तच राग आला. वाटेत मी सीमाला घेतलं, पुढे शेवंताबाईला. देवळाशी पोचल्यावर शेवंताबाईने सीमाला गाडीतच बसायला सांगितलं. "अजून घरातली झाली नाय ती," ती म्हणाली.

गुरव म्हातारा, कोरडा माणूस. शेवंताबाईला बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "परत त्याच डोळ्याचं?"

"ह्या डॉक्टरीणबाय आल्यात," शेवंताबाई म्हणाली. "त्यांच्यासमोर इचारा."

गुरवाने मला विचारलं, "काय ओ, एक डोळा करून झाला ना हिचा? मंग हिला अजून दिसत कसं नाय?"

"हिचा?"

"ह्या बायचा. मला सांगितलंन, घरातल्या बायमानसाच्या डोळ्याचं काम हाय. मी त्या परमानं गाराणं घातलं. हिच्याच नावानं."

शेवंताबाईने मान खाली घातली. परक्या जातीची, परक्या देशाची पोर घरात येणार हे तिला गुरवासमोर उच्चारायचं नव्हतं, म्हणून तिने 'घरातल्या बाईचे डोळे' एवढंच सांगितलं होतं. देवीने तीन सोमवार शेवंताबाईच्याच डोळ्यांचा कौल दिला होता.

मी फोनचा टॉर्च लावला आणि शेवंताबाईची हनुवटी वर केली. उजव्या बाहुलीत पांढरट मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डावा डोळा स्वच्छ. उजव्याला ऑपरेशन हवं, डाव्याला नको. ही बाई माझ्या दवाखान्यात दोनदा माझ्यासमोर बसून गेली होती, आणि मी तिच्या डोळ्यांकडे एकदाही बघितलं नव्हतं. माझी नजर दुसऱ्याच डोळ्यांवर होती. निदानात गुरव माझ्या पुढे गेला, हे मी आजवर कुठल्याही परिषदेत सांगितलेलं नाही.

"हिचा नाय, मंग डोळा केलात कुनाचा?" गुरवाने विचारलं.

"माझ्या होनाऱ्या सुनंचा," शेवंताबाई शेवटी म्हणाली.

"पोर कुठं हाय?"

"गाडीत."

"तिला आना. ज्याचं अंग त्यानं इचारायचं. तुमी कोन इचारनार?"

सीमा आत आली. ओढणी डोक्यावरून मागे सरकली होती आणि तिने ती पुढे ओढली नाही. गुरवाने कळ्या लावल्या. डाव्या डोळ्याचं ना, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने मान हलवली. "उजव्याचं विचारा," ती म्हणाली. "होता तसा परत करू काय, एवढंच."

शेवंताबाईने तिचा हात धरला, पण गाऱ्हाणं सुरू झालं होतं. मी त्या कळ्यांकडे ज्या तऱ्हेने बघत होते तसं मी कुठल्या परीक्षेच्या निकालाकडे बघितलं नव्हतं. होकाराची कळी लगेच पडली. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की कळी ओली होती आणि वर पंखा चालू होता. तो म्हणाला, असेल.

दुसऱ्या दिवशी मी टाके काढले. दहा मिनिटांचं काम. तिने संदेशला मुंबईहून बोलावून घेतलं होतं आणि बाहेर बसू न देता आत उभं केलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "दुखतंय काय तुला?" त्याने विचारलं.

"सतरा दिवस झाले," टेबलावरून सीमा म्हणाली. "आज विचारतोस."

 बाहेर पडल्यावर त्याने आईला फोन लावला आणि दाराआडून मी ऐकलं, की लग्न ठरल्या तारखेला होईल, आणि डोळे असतील तसे असतील. एवढं बोलायला त्याला चार वर्षं आणि माझे तीन टाके लागले. पुढे मोतीबिंदूसाठी येऊन बसल्यावर शेवंताबाई मला म्हणाली, "देवीनंच सांगितलंन म्हनून. नायतर मी काय ऐकनार होतंय?" मी तिचा उजवा डोळा केला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा ती "दिसतंय" म्हणाली, आणि बाकावर बसलेल्या सीमाकडे बराच वेळ बघत राहिली. काय दिसलं ते मी विचारलं नाही.

लग्न झालं. मी गेले नव्हते. पाटीवरची ती ओळ मी स्वतः स्टुलावर चढून रंगवून टाकली आणि तो विषय माझ्यापुरता संपला असं समजून चालले.

दोन महिन्यांनी सीमा अल्बम घेऊन आली. सासूबाईंनी चिपळुणातल्या फोटोवाल्याकडून करून घेतलेला, जाड पुठ्ठ्याचा, प्रत्येक पानाला सोनेरी कडा. मी पहिलं पान उलटलं. हळदीची सीमा, दोन्ही पापण्यांना घडी. पुढचं पान, घडी. अंतरपाटाजवळ, सप्तपदीत, घास भरवताना, सगळीकडे दोन्ही डोळ्यांना सारखी घडी. फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर सगळं करून दिलं होतं. भूल लागली नाही, टाके लागले नाहीत, कौल तर नाहीच. ज्याच्यासाठी मी मुंबईला तीन दिवस पिना वाकवत बसले, ते त्या पोराने दुकानात बसल्या बसल्या उरकलं होतं.

"सासूबाईंनी त्याला सांगितलंन," सीमा म्हणाली. "भावकीत अल्बम फिरतो ना. मी काय बोलले नाही, मॅडम. माझं मला चालतंय. घरात मला कोण काय म्हणत नाही, सासूबाई चांगल्या वागतात." मग तिने अल्बम माझ्या हातातून घेतला, मागची पानं काढली आणि एक पान माझ्यापुढे ठेवलं.

कन्यादानाचा फोटो होता. नवी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा घातलेले धनीराम मुलीचा हात हातात घेऊन उभे. फोटोवाल्याने एकदा हात घातला तो तिथेही थांबला नव्हता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना घडी घातली होती. मी ओळखीच्या माणसाला शोधत त्या फोटोत दोनदा बघितलं.

"बाबांनी अल्बम बघितला," सीमा म्हणाली. "या पानावर आले आणि मला विचारलंनी, हा माणूस कोण?"

 तिने फोटोवर बोट ठेवलं. "याचे टाके काढता येतात काय, मॅडम?"

मी चष्मा लावून त्या फोटोवर वाकले. घडी दोन्ही बाजूंना अगदी सारखी आली होती, कुठे ओढ नाही, कुठे उंचसखल नाही. माझ्या हातून इतकी कधी जमली नसती, आणि ती बघताना माझ्या मनात सगळ्यात आधी तेच आलं.